चातुर्मासात वांगं सोडलं, पुडी नाही



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या एकविसाव्या श्लोकावर. भगवंत अर्जुनाला सांगतात की श्रेष्ठ माणूस जसं वागतो, तसंच इतर लोक वागतात. हा श्लोक आपण बहुतेक वेळा पुढाऱ्यांना आणि शिक्षकांना ऐकवतो. पण ज्ञानेश्वरीत या ठिकाणी माउलींनी ‘वडील’ हा शब्द वापरलाय. वडील म्हणजे फक्त बाप नाही, घरातलं कुठलंही मोठं माणूस. माउलींनी गीतेतला ‘श्रेष्ठ’ उचलून थेट आपल्या ओसरीवर आणून बसवला.

आमच्या ओसरीवर आजी बसायची. माजलगाव तालुक्यातलं आमचं गाव, सिंदफणेपासून फार लांब नाही. सकाळी उठलं की चुलीवर तवा, तव्यावर तंबाखूची पानं. काळी पडेपर्यंत भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची. ती मिश्री. बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर अर्धा अर्धा तास घासत बसायची आणि आम्ही नातवंडं शेजारी बसून तो वास घ्यायचो. आजही कुठे तो वास आला की मला आजी आठवते, तंबाखू नाही. हीच तर खरी अडचण आहे. वाईट सवय लहानपणी वाईट म्हणून दिसतच नाही, ती मायेच्या माणसाच्या हातात दिसते.

आजीचं बघून आत्या शिकली. आण्णा मिश्रीवर थांबले नाहीत, त्यांनी तंबाखू-चुना धरला. आणि लहानपणी दुकानातून पुडी आणायला कोण जायचं? मीच.

आमचे आण्णा माळकरी आहेत. पस्तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, मांस-मद्याला स्पर्श नाही, एकादशी चुकत नाही. अधिक महिन्यात पुरुषोत्तमपुरीला गोदावरीचं स्नान, धोंड्याचा नैवेद्य. दर आषाढीला चातुर्मासाचा नेम घेतात : कांदा, लसूण, वांगं चार महिने बंद. मीही कौतुकाने सांगायचो मित्रांना. पण पुरुषोत्तमपुरीच्या घाटावर स्नान आटोपलं की आधी कपडे बदलून होतात आणि लगेच तळहातावर तंबाखू मळणं सुरू. गंमत बघा, ज्या वांग्याने कुणाचं काही बिघडवलं नाही ते आपण देवासाठी सोडतो. जे रोज गालात धरून ठेवतो त्याला देव काही म्हणत नाही असं आपणच ठरवून टाकलंय.

गेल्या वर्षअखेरीस आण्णांना तिखट लागेनासं झालं. लागेनासं म्हणजे सहन होईना. पुण्याला आणून दाताच्या डॉक्टरांना दाखवलं. डाव्या गालाच्या आत, बरोबर गोळी धरायच्या जागी, पांढरा चट्टा. डॉक्टरांनी तीन बोटं उभी तोंडात घालून बघायला सांगितली, ती जेमतेम गेली. मग बायोप्सी. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी हरिपाठ म्हणत होतो की नुसते ओठ हलवत होतो, माझं मला माहीत नाही. रिपोर्ट आला : कॅन्सर नाही, पण त्या दिशेने जाऊ शकणारा चट्टा. तंबाखू बंद केली तर असे चट्टे बऱ्याचदा कमी होतात, तपासणी मात्र ठरल्याप्रमाणे करत राहायची, असं डॉक्टर म्हणाले.

चुन्याबद्दल मला तेव्हाच कळलं. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात उतरतं, म्हणून ती ‘किक’ बसते. आणि तोच चुना त्या नाजूक त्वचेला रोज थोडा थोडा भाजतो. ‘साधी सुपारी आहे, तंबाखू नाही’ म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी, तंबाखू आणि दारू या तिन्हींना कॅन्सर नक्की करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्याच गटात टाकलंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ चघळायची, घासायची तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे साधारण चौघांतला एक. तुमच्या घरात चार मोठी माणसं असतील तर मोजून बघा.

मी काय केलं? रोज फोन करून आण्णांवर ओरडलो. व्हिडिओ पाठवले, सडलेल्या जबड्यांचे फोटो पाठवले. एके दिवशी आण्णा शांतपणे म्हणाले, “आरं, तू आधी तुझं बघ की. तुझ्या खिशात काय असतंय, मला ठाव नाही का?”

ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबर दिवसाला चार सिगारेटी. मला वाटायचं घरी कुणाला माहीत नाही.

त्या रात्री ज्ञानेश्वरी उघडली. एकविसाव्या श्लोकानंतर पाचच श्लोक पुढे गेलं की सव्विसावा येतो. त्यात भगवंत म्हणतात, जाणत्याने कर्मात गुंतलेल्या अजाण माणसांची बुद्धी उगाच डळमळीत करू नये, स्वतः नीट आचरण करत त्यांना बरोबर घ्यावं. मी ‘जाणता’ होऊन व्हिडिओ पाठवत होतो आणि स्वतःचं आचरण टपरीवर ठेवून आलो होतो. आणि ‘वडील’ म्हणजे फक्त आण्णा कुठे? ताईचा मुलगा सात वर्षांचा आहे, तो माझ्याकडे बघतो. त्याच्यासाठी वडील मीच.

आषाढीला आण्णांना फोन केला. म्हटलं, “आण्णा, यंदा चातुर्मासाचा नेम दोघं मिळून घेऊ. तुम्ही वांगं खा खुशाल. मी सिगारेट सोडतो, तुम्ही पुडी सोडा.” बराच वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाले, “वांगं पण सोडतो, सवय हाय त्याची.”

सोपं गेलं नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसात एकावर विनाकारण खेकसलो. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत फोन आहे, तिथल्या समुपदेशकाने सांगितलेलं एक वाक्य कामी आलं : तलफ काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ काढा. मी तेवढ्या वेळात नाम घेतो. आण्णांनी पुडीच्या जागी बडीशेप आणि लवंग ठेवलीय, आई जेवणानंतर त्यांना तिच्याबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालायला नेते.

आईचंही सांगायलाच हवं. ती तपासणीला तयार नव्हती. “मला काय झालंय?” हे वरवरचं कारण. खरं कारण भीती. आपल्या बीड जिल्ह्यात कॅन्सरचा धाक दाखवून ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये किती गाजलं, आठवत असेल. तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचा आकडा विधान परिषदेत सांगितला गेला. मग बाया दवाखान्याच्या पायरीला का घाबरणार नाहीत?

तिला मी शेजारच्या धाराशिवची गोष्ट सांगितली. तिथल्या ४९७ गावांत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने. निष्कर्ष २००९ मध्ये आले. ज्यांची एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पिशवी काढून नव्हे, लवकर कळून. आई म्हणाली, “आपल्यासारख्याच बाया व्हत्या का त्या?” हो, आपल्यासारख्याच. गेल्या महिन्यात तिची तपासणी झाली, आत्याला बरोबर घेऊन गेली होती. आत्याचं तोंडही बघून घेतलं. डबी अजून तिच्या कनवटीला आहे, पण आता लपवून घासते. लपवणं म्हणजे सुरुवात, असं मी धरून चाललोय.

पंढरपूरला जाणाऱ्यांपैकी कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गेलंय का? परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. एका ओळखीच्यांना डबा द्यायला गेलो होतो तेव्हा जिन्यात मराठवाड्याची बोली ऐकली, परभणी, जालना, आपलं बीड. तुमच्यातले जे मुंबईत आहेत त्यांनी एखाद्या रविवारी जाऊन या. त्या दिवशीची सिगारेट आपोआप राहते.

आज माझा एकोणचाळिसावा दिवस. आण्णांची अजून पूर्ण सुटलेली नाही, दुपारच्या जेवणानंतरची एक राहिलीय. ते लपवत नाहीत, खरं सांगतात. काल रात्री त्यांचा फोन आला. आधी पावसाचं, मग धरणात किती पाणी आलं त्याचं बोलले. फोन ठेवता ठेवता विचारलं, “तुझे किती झाले?”

म्हटलं, “अडतीस.”

“बरं. मी उद्यापासून दुपारची पण बघतो.”

राम कृष्ण हरी.