कर्ज एकाचं, फेड घराची



आजचं वाचन: दासबोध, दशक ३, समास ४.

आज ब्रह्म, माया, मोक्ष यातलं काही नाही. आजच्या समासात एक घर आहे आणि त्या घरावर कर्ज आहे. वाचताना आपल्याच सोसायटीतल्या कुणाची तरी गोष्ट ऐकतोय असं वाटतं.

थोडक्यात सांगतो. एका गृहस्थाची मुलं लग्नाला आली. लग्न केलं नाही तर लोक नावं ठेवतील, पूर्वजांचं नाव जाईल ही भीती. आधी घेतलेलं कर्ज परत केलेलं नाही, आता नवं कोण देणार? काळजीनं खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही. शेवटी तो घरातल्या वस्तू गहाण टाकतो, गोठ्यातली जनावरं विकतो, काही रोकड व्याजानं काढतो. समर्थांचा व्याजासाठीचा शब्द आहे ‘कळांतर’. लग्न थाटात होतं आणि सगळे म्हणतात, वा, वडिलांचं नाव राखलं! मग घेणेकरी घेरतात आणि हा परदेशी निघून जातो. दोन वर्षं त्याचा पत्ता नाही. हलकी कामं करतो, हाल सोसतो, काहीतरी मिळवतो आणि घरच्यांच्या ओढीनं परत येतो. घरचे इकडे उपाशीतापाशी वाट बघत असतात. तो पैसे हातात ठेवतो आणि चार दिवस आनंदाचे जातात. मग सगळ्यांच्या मनात येतं की हे संपलं की पुन्हा हाल आहेत, तेव्हा आणलेलं इथेच राहू दे आणि यानं पुन्हा कमवायला जावं.

बजेट, ओळखीतल्यांचे टोमणे, क्रेडिट कार्ड, रिकव्हरीचे फोन, ऑनसाइट... फक्त शब्द बदललेत.

मला हा समास आणखी एका कारणानं जवळचा वाटतो. दासबोध समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला ती शिवथरघळ आमच्या महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या बाजूला आहे. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली. पावसाळ्यात घळीसमोर एवढा मोठा धबधबा कोसळतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. आणि समर्थांनी जे लिहिलं तेच पुढे याच मुलखात पिढ्यान् पिढ्या घडत आलं. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून माणसं मुंबईला गेली, गाळ्यात दहा-पंधरा जणांत राहिली आणि गावाला मनीऑर्डर पाठवत राहिली. मनीऑर्डर आली की घरी आनंद. पण पाठवणाऱ्याच्या डोक्यावर तिकडे किती देणं आहे, हे कितीतरी घरांत कधीच कुणाला कळलं नाही. आज मनीऑर्डरच्या जागी यूपीआय आहे. गप्प बसणं मात्र तेच.

समास पुन्हा वाचताना मला एक गोष्ट टोचते. त्या गृहस्थाला भीती वाटते, तो विचार करतो, कर्ज काढतो, पळतो, राबतो आणि परत येतो. पण घरच्यांना समोर बसवून ‘आपल्यावर इतकं देणं आहे’ असं तो सांगतोय, हा प्रसंग यात येतच नाही. समर्थ म्हणतात की घरचे आपापलं सुख बघतात, त्याचं दुःख त्यांना कळत नाही. खरं आहे. पण त्यांना कळावं कसं? लग्नाचा थाट त्यांना दिसला, त्यामागचं कळांतर दिसलंच नाही.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे. हा समास समर्थांनी आपल्याला घराचं बजेट शिकवायला लिहिलेला नाही. सगे-सोयरे सुखाचे सोबती आहेत, त्यांच्यात अडकू नकोस, देवाकडे वळ, हा त्यांचा रोख आहे. मग यावरून ‘सगळे मिळून कर्ज फेडा’ असं म्हणणं म्हणजे समर्थांच्या तोंडी आपलं वाक्य घालणं नाही का?

याचं उत्तर दासबोधातच बाराव्या दशकाच्या पहिल्या समासात मिळतं. तिथे तेच समर्थ सांगतात की आधी प्रपंच नीट करा आणि मग परमार्थाचा विवेक धरा. प्रपंच टाकून परमार्थाला लागलात तर कष्टी व्हाल. म्हणजे तिसऱ्या दशकातल्या माणसाचं दुःख दाखवून ते आपल्याला पळायला सांगत नाहीत. पळून तर तो समासातला गृहस्थही गेला होता! आसक्ती सोडणं वेगळं आणि जबाबदारी सोडणं वेगळं. खोट्या नावाची आसक्ती सुटली तर घरात खरं बोलता येतं. मला वाटतं, कर्जाच्या बाबतीत वैराग्याची पहिली पायरी हीच असावी.

आता मूळ प्रश्न. कर्जावर सही एकाची असते. मग फेडीचा भार सगळ्या घरावर टाकणं न्यायाचं आहे का? बायको म्हणू शकते, ‘मला न विचारता घेतलंत, आता माझी हौस का मारायची?’ लहान भाऊ म्हणू शकतो, ‘दादाची बाईक, माझा हप्ता?’ हे प्रश्न रास्त आहेत. भक्तीचा किंवा घरच्या संस्कारांचा दाखला देऊन ते दाबू नयेत.

इथे मला तुकोबा आठवतात. कर्जखतं इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपल्या सगळ्यांना आवडते. पण त्यातले दोन बारकावे निसटतात. एक, तुकोबा घेणेकरी होते. स्वतःचं येणं सोडून द्यायचा अधिकार घेणेकऱ्याला असतो, देणेकऱ्याला नसतो. आपण देणेकरी आहोत. आपण कागद बुडवले तर तो त्याग होत नाही, ती बुडवणूक होते. दुसरा बारकावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. स्वतःचा त्याग त्यांनी भावावर लादला नाही.

घरात कर्ज फेडताना मला हा नियम फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याकडून त्याग मागता येतो, कापून घेता येत नाही. ‘या वर्षी फिरायला जायचं नाही’ हे जाहीर करणं वेगळं, आणि ‘एवढं देणं आहे, एवढं येतं, आता आपण काय सोडू शकतो?’ असं विचारणं वेगळं. दुसऱ्या पद्धतीत वेळ लागतो, भांडणंही होतात. पण स्वतःहून सोडलेली गोष्ट माणूस वर्षभर निभावतो. कापून घेतलेली गोष्ट मनात साठत जाते.

मी इंजिनिअर आहे, म्हणून थोडं गणित. ५ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत धरा. हप्ता साधारण ११,६३४ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ५,८३३ रुपये, म्हणजे निम्म्याहून जास्त, व्याजात जातात. ३० हप्ते भरले की वाटतं अर्धं फिटलं. प्रत्यक्षात तेव्हा अजून सुमारे २ लाख ९३ हजार मुद्दल बाकी असते. अर्धी मुद्दल फिटायला ३६ वा हप्ता उजाडतो. उमेद खचते ती इथेच. माणूस कमी पडत नाही, सुरुवातीला हिशेबच तसा चालतो. हे आधीच सगळ्यांना माहीत असेल तर दुसऱ्या वर्षी ‘इतकं भरतोय तरी कमीच होत नाही’ म्हणून घर हताश होत नाही.

आता याच कर्जात घरानं मिळून महिन्याला २,००० रुपये जादा भरायचं ठरवलं, तर ते ६० ऐवजी ४९ व्या महिन्यात संपतं आणि व्याजाचे सुमारे ४० हजार वाचतात. (जादा रक्कम भरण्याबद्दलच्या अटी आणि शुल्क कर्जाच्या कागदात आधी वाचून घ्या.) २,००० रुपये एकट्यानं काढायचे तर जड जातं. चौघांनी पाचशे-पाचशे सोडले तर दिसतही नाहीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती संपवा. तिथे बऱ्याचदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. फक्त मिनिमम ड्यू भरत राहणं म्हणजे पावसात अंगण झाडत बसणं.

हे ‘मिळून’ रोज कसं जमवायचं? त्यासाठी मोटिव्हेशनचे व्हिडिओ शोधायची गरज नाही. आपल्या गावातल्या आया-मावश्या हे कधीपासून करतायत. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधले महिला बचत गट बघा. त्यांना शिकवलेली पंचसूत्री अशी: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. यात कुठेही ‘जिद्द’ किंवा ‘प्रेरणा’ हा शब्द नाही, पाचही वेळा ‘नियमित’ आहे. वहीत आकडा सगळ्यांसमोर लिहिला जातो. कुणाचा हप्ता राहिला तर का राहिला, हेही तिथेच कळतं. भातलावणीच्या दिवसांत हात आखडला असेल तर ते बाकीच्यांना सांगावं लागत नाही, कारण त्याही त्याच चिखलात उभ्या असतात.

दासबोधाच्या बैठकीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ठरलेला वार, ठरलेली वेळ, मन असो वा नसो जाऊन बसायचं. उत्साह आधी येत नाही. बसल्यावर येतो. घरातही तसंच करता येईल. महिन्यातून एक दिवस, अर्धा तास. देवापुढे दिवा लावून झाला की सगळ्यांनी बसायचं आणि एका वहीत तीन आकडे लिहायचे: बाकी किती, या महिन्यात किती फेडलं, पुढच्या महिन्यात काय येतंय. फोन लांब ठेवायचे आणि उखाळ्यापाखाळ्या काढायच्या नाहीत. दर लाखाला घरात शिरा करायला हरकत नाही!

पण एक सावधगिरी हवी. ‘सोबत’ कधी ‘पाळत’ होते ते कळत नाही. जिथे एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो, अशा गटांमध्ये मैत्रिणीच वसुलीवाल्या होतात आणि माणूस तोंड लपवायला लागतो. घरातही ‘चहा बाहेर का प्यायलास?’ असं रोज सुरू झालं की पुढची खरेदी लपून होते. म्हणून प्रत्येकाच्या हातात थोडी रक्कम अशी असावी जिचा हिशेब कुणी मागणार नाही. विश्वासाचीही तरतूद करावी लागते.

आणि काही वेळा दोष कुणाचाच नसतो. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं, त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली. दुकानातला माल वाहून जातो, मालासाठी काढलेलं कर्ज वाहून जात नाही. अशा वेळी ‘तुझं कर्ज’, ‘माझं कर्ज’ ही भाषा किती तोकडी आहे ते कळतं. हप्ता भरणं शक्यच नसेल तर बँकेला आधी जाऊन सांगा, फोन बंद करून बसू नका. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, नातेवाईक-मित्रांना त्रास देऊ नये असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. तेही घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. घेणेकऱ्यांनी घेरलेल्या माणसाला एकटेपणात काय काय सुचतं, ते आपण बातम्यांत वाचतो.

बरेच जण विचारतात, डोक्यावर कर्ज असताना दानधर्म, यात्रा करावी का? माझं मत असं. नामाला आणि वाचनाला पैसे लागत नाहीत, ती सेवा चालू ठेवा. पण क्रेडिट कार्डावर दान देऊ नका. ते दान बँकेचं असतं, आणि त्याचं कळांतर आपल्या मुलाबाळांच्या ताटातून जातं. वेळेवर दिलेला हप्ता हीसुद्धा शब्द पाळण्याची साधना आहे.

समासातल्या गृहस्थाला परत आल्यावर चार दिवस आनंद मिळाला, कारण घरच्यांना फक्त गाठोडं दिसलं. त्यानं जाण्यापूर्वी सगळं सांगितलं असतं तर? कदाचित लग्न साधं झालं असतं. कदाचित लोक बोलले असते. पण ती दोन वर्षं त्यानं आणि घरानं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळं उपाशी काढली नसती.

आजच्यासाठी एवढंच करूया. ज्याच्यावर देणं आहे त्यानं आज रात्री घरातल्या एका तरी माणसाला खरा आकडा सांगायचा. आणि ज्याला तो आकडा कळेल त्यानं पहिलं वाक्य ‘का घेतलंस?’ असं म्हणायचं नाही. ‘किती महिने लागतील?’ असं विचारायचं.

उद्या समास ५.

जय जय रघुवीर समर्थ 🙏