खुर्ची केवढी असावी

लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर विधानसभा मतदारसंघाचे गेल्या चार निवडणुकांचे निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २००९ मध्ये बाबासाहेब पाटील राष्ट्रीय समाज पक्षाकडून निवडून आले. महादेव जानकरांच्या पक्षाचे ते विधानसभेतले पहिले आमदार. २०१४ मध्ये विनायकराव जाधव पाटील अपक्ष म्हणून जिंकले. २०१९ मध्ये बाबासाहेब राष्ट्रवादीकडून उभे राहिले, विनायकराव भाजपकडून, आणि बाबासाहेब जिंकले. २०२४ मध्ये राष्ट्रवादीचेच दोन तुकडे झालेले होते. बाबासाहेब अजित पवारांच्या बाजूने, विनायकराव शरद पवारांच्या बाजूने. पुन्हा बाबासाहेब जिंकले आणि त्याच डिसेंबरात राज्याचे सहकारमंत्री झाले.

पंधरा वर्षांत माणसे तीच राहिली, चिन्हे बदलत गेली. याबद्दल या दोघांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. किनगावचा रस्ता, शिरूर ताजबंदची पाणीयोजना, नाफेडचे खरेदी केंद्र, पीकविम्याचे पैसे, बाजार समिती, जिल्हा बँक हे सगळे मुंबईतल्या नाहीतर दिल्लीतल्या टेबलावरून येते. मग आमदाराने त्या टेबलाजवळ बसायचे नाही तर कुठे बसायचे? मतदारही हेच जाणून मत देतो, आणि त्याचे गणित चुकीचे नाही.

अमेरिकेतले चित्र वरून पाहता अगदी उलटे दिसते. तिथे चिन्ह पक्के असते. आजोबा रिपब्लिकन, बाप रिपब्लिकन, मुलगा रिपब्लिकन असे परगणेच्या परगणे आहेत, आणि तितकीच कट्टर डेमोक्रॅट शहरे आहेत. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या मतांत दीड टक्क्याच्या आसपास अंतर होते, देश जवळजवळ मधोमध चिरलेला. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या घरातही ही चीर पोहोचली आहे. अहमदपूर-उदगीरकडची पोरे लातूरला बारावी करतात, पुण्यात इंजिनिअर होतात आणि टेक्सासला जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लागले, तेव्हा ट्रम्पच्या बाजूने बोलणारी मुलेही गप्प झाली.

पण या उघड फरकाखाली दोन्हीकडे एकच गोष्ट आहे, आणि सरकार शक्य तितके लहान असावे असे मानणाऱ्या अमेरिकेतल्या लिबर्टेरियन मंडळींनी ती पन्नास वर्षे सांगितली आहे. भांडण खुर्चीत कोण बसणार याचे आहे. खुर्ची केवढी असावी, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

त्यांचा पक्ष १९७१ च्या डिसेंबरात कोलोरॅडोत स्थापन झाला. त्यांचे म्हणणे असे की रिपब्लिकन सरकार तुमच्या खिशावर कमी आणि अंथरुणावर जास्त नजर ठेवते, डेमोक्रॅट सरकार त्याच्या उलट. आणि युद्ध, पाळत, कर्ज यांची वेळ आली की दोघे मिळून होकार देतात. हे हवेतले बोलणे नाही. २००१ मध्ये नागरिकांवर पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारा पॅट्रियट कायदा सिनेटमध्ये ९८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधातले एकटे मत रस फाइनगोल्ड यांचे होते. सरकार हा उपाय नसून तीच अडचण आहे, असे १९८१ च्या पहिल्या भाषणात सांगणाऱ्या रोनाल्ड रेगन यांच्या आठ वर्षांत अमेरिकेचे सरकारी कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. २००८ च्या सुमारास ते १० लाख कोटी डॉलर होते, २०२४ अखेर ३६ लाख कोटी. या काळात दोन्ही पक्षांचे अध्यक्ष येऊन गेले.

ही मंडळी जिंकत मात्र नाहीत; तिथे दोन पक्षांबाहेरच्या कोणालाही अध्यक्षपद मिळवणे अवघड असते. १९९२ मध्ये रॉस पेरो या अपक्षाला १९ टक्के मते मिळाली, पण निर्वाचक मंडळातले एकही मत मिळाले नाही. २०१६ मध्ये लिबर्टेरियन गॅरी जॉन्सन यांना ३.३ टक्के मिळाली आणि तो त्या पक्षाचा आजवरचा उच्चांक आहे.

याच विचाराचा माणूस मराठवाड्याने पाहिला आहे, आणि अमेरिकेला कधी दिसली नाही इतकी मोठी गर्दी त्याच्यामागे पाहिली आहे. शरद जोशी १९७७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधली टपाल संघाची नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि हिशेब मांडला. शेती तोट्यात जाते याला पाऊस किंवा शेतकऱ्याचा आळस कारण नाही, सरकारचे धोरण कारण आहे, हे त्यांना त्या हिशेबातून दिसले. १९८४ मध्ये परभणीला आणि १९८९ मध्ये नांदेडला त्यांच्या शेतकरी संघटनेची अधिवेशने झाली तेव्हा छातीवर लाल बिल्ला लावलेली माणसे या भागातल्या गावागावांतून गेली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा होती. त्या घोषणेत अनुदान मागितलेले नाही, सूट मागितलेली नाही. वाटेतून बाजूला व्हा, एवढेच सरकारला सांगितलेले आहे.

जोशींनी देशाची जी फाळणी सांगितली, ती शहरांतला ‘इंडिया’ आणि खेड्यांतला ‘भारत’ यांची. पक्षांच्या नकाशात ही रेघ कुठेच नव्हती. काँग्रेसमध्येही दोन्ही होते, विरोधकांतही. म्हणूनच ती दिल्लीला पचली नाही.

ही रेघ आजही कशी चालते, ते अहमदपूरच्या मोंढ्यात समजते. इथले खरीप म्हणजे सोयाबीन. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा फारसा माल नव्हता, पण रानात पीक उभे होते आणि मनात आशा. कोंबडीखाद्याच्या उद्योगाने ओरड केली आणि केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. जे वाण पेरायला आपल्या शेतकऱ्याला कायद्याने बंदी, त्याच वाणाची पेंड परदेशातून आणायला मोकळीक! नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. ऑक्टोबरात तेलबियांच्या साठ्यावर मर्यादा आली. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद केले गेले, वर्षभरासाठी म्हणून, आणि मग मुदत वाढतच गेली. बाजाराने जे दिले ते सरकारी आदेशांनी काढून घेतले.

यावर कोणी म्हणेल, हे भाजपचे काम. मग मार्च २०१२ मधली कापसाची निर्यातबंदी आठवावी. तेव्हा दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते आणि त्यात महाराष्ट्रातलेच कृषिमंत्री होते. कांद्याची निर्यात २०१९, २०२० आणि २०२३ मध्ये बंद झाली, ती भाजपच्या काळात. खुर्चीत कोणीही बसो, हत्यार तेच आहे: १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा आणि १९९२ चा परकीय व्यापार कायदा. ज्याच्या हाती ते लागते तो ते वापरतो, कारण शहरातला भाव चढला की मते जातात आणि गावातला भाव पडला तर कर्जमाफी देऊन ती परत आणता येतात.

२०२४ च्या विधानसभा प्रचारात तर याचा लिलावच झाला. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विक्री चालू होती. एका बाजूने सहा हजारांचे आश्वासन दिले, दुसऱ्या बाजूने सात हजारांचे. आयात-निर्यातीत आम्ही ढवळाढवळ करणार नाही, साठ्याची मर्यादा कायमची उठवू, वायदे पुन्हा सुरू करू, असे कोणी म्हटले नाही. निवडणूक झाल्यावर शेतकरी काय करत होता, तर ऑनलाइन नोंदणी करून, बारदाना कधी येईल आणि ओलावा किती भरेल याची वाट पाहत खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून उभा होता.

याच पिकाने अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्यालाही हेच दाखवले. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर कर लावले, चीनने उलट अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर लावला आणि खरेदी ब्राझीलकडे वळवली. शेतकरी बुडू नये म्हणून सरकारने दोन वर्षांत मिळून २८ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. प्रस्थापितांना हाकलायला निघालेल्या नेत्याने शेतकऱ्याचे गिऱ्हाईक घालवले आणि त्याला सरकारी धनादेशाची वाट पाहायला लावले. व्यवस्थेवरचा लोकांचा राग खरा होता. तो राग वापरून खुर्ची आणखी मोठी झाली, ही मला अमेरिकेच्या आजच्या राजकारणातली सर्वांत दुःखाची गोष्ट वाटते.

अमेरिकेतला लिबर्टेरियन निदान आपला विचार उघडपणे घेऊन निवडणुकीला उभा राहू शकतो. आपल्याकडे १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे पक्षनोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. मला समाजवाद मान्य नाही, मी लोकांना तो नको म्हणून सांगणार आहे, असे म्हणणाऱ्याला नोंदणीच्या पहिल्याच पानावर खोटे लिहिणे भाग आहे. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढणाऱ्या जोशींनी राज्यसभेत गेल्यावर ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. वादात पडायला कोणी तयार नव्हते, उजवे नाहीत आणि डावेही नाहीत.

जोशीही डागाविना राहिले असे मी म्हणणार नाही. सरकारलाच समस्या म्हणणाऱ्या या माणसाने विश्वनाथ प्रताप सिंहांच्या काळात मंत्रिदर्जाचे पद घेतले आणि २००४ मध्ये भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर खासदारकी घेतली. अनेक जुने कार्यकर्ते त्यामुळे तुटले. पण ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाले, तेव्हा ते एकटे मत त्यांचे होते. १९८६ मध्ये चांदवडला लाखो शेतकरी बायकांचा मेळावा भरवणाऱ्याचे, ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून नवऱ्यांना आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करायला लावणाऱ्याचे ते मत होते. दर निवडणुकीला राखीव मतदारसंघ फिरत राहिला तर कोणत्याही बाईला आपला मतदारसंघ बांधता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. मला तो पूर्ण पटत नाही. तरीही मत देणारे बाकी सगळे एका बाजूला असताना उभे राहून ‘नाही’ म्हणणारा माणूस लोकशाहीला लागतो, मग तो फाइनगोल्ड असो की जोशी.

जोशी २०१५ मध्ये गेले. हा धागा आता अहमदपूरपासून फार लांब नाही, अंबाजोगाईत आहे. आणीबाणीत तुरुंगात गेलेले अमर हबीब तिथून किसानपुत्र आंदोलन चालवतात. कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा आणि घटनेचे नववे परिशिष्ट उठवा, एवढीच त्यांची मागणी आहे. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या त्या परिशिष्टात घातलेल्या कायद्याविरुद्ध मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात जाण्याचा मार्ग अडवला गेला. यवतमाळच्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह आत्महत्या केली. त्या दिवशी दरवर्षी लोक उपवास करतात. त्यात सगळ्या पक्षांचे लोक असतात, आणि पक्षाचा झेंडा कोणाचाच नसतो.

तीनपैकी दोन कायद्यांबाबत मी हबीबांच्या बाजूने आहे. जमीनधारणेच्या कायद्यावर मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. मराठवाड्यात प्रस्थापित फक्त दिल्लीत राहत नाही. तो साखर कारखान्याच्या कचेरीत असतो, संस्थेच्या शाळेत असतो, गावातल्या वाड्यातही असतो. या भागात निजामाची राजवट संपवायला १९४८ मध्ये लोकांच्या लढ्याबरोबर सरकारी फौज यावी लागली. कुळाला मालक केले ते १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याने. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांनी ज्याच्यापासून संरक्षण मागितले, तो बहुतेक वेळा गावातलाच बलदंड होता, आणि मागितले ते सरकारकडे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेही कोणा व्यापाऱ्याने आणले नव्हते. सरकार आक्रसले तर या माणसांच्या वाट्याला काय येईल, याचे उत्तर अमेरिकन लिबर्टेरियनांकडे नाही, कारण त्यांनी वाडा पाहिलेला नाही. जोशींकडे ‘लक्ष्मीमुक्ती’सारखे आपण होऊन करायच्या बदलाचे उत्तर होते, काही गावांत ते खरे ठरले आणि बऱ्याच गावांत कागदावरच राहिले.

हबीबांचे उत्तर असे की वाटलेली जमीन कोणाकडून परत घ्यायची नाही. महाराष्ट्रात २०१५-१६ मध्येच सरासरी शेत १.३४ हेक्टरचे उरले होते, तेव्हा ५४ एकरांची कोरडवाहू मर्यादा आता कोणा जमीनदाराला अडवत नाही. ती अडवते शेतकऱ्यांच्या पोरांनी एकत्र येऊन काढायच्या कंपनीला. या युक्तिवादात दम आहे. पण त्या कंपनीत शेतमजूर बाई कोण असेल, भागीदार की रोजंदार, हे मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे. हा वाद कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही. अंबाजोगाई ते अहमदपूर रस्त्यावरच्या गावांत, ज्यांच्या नावावर सातबारा आहे आणि ज्यांच्या नावावर नाही, त्या दोघांना एका सतरंजीवर बसवून तो व्हायला हवा.