वारकऱ्याने आगाऊ खोली धरावी काय?

आषाढी जवळ आली म्हणजे माळकऱ्यांच्या घरोघरी एक प्रश्न निघतो. "पंढरीत उतरायचं कुठं?" पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे. आपला फड, फडाचा मठ, नाहीतर चंद्रभागेचे वाळवंट. खांद्यावर पताका असली की पाठ टेकण्यापुरती जागा कुठे ना कुठे मिळे, आणि नाही मिळाली तर रात्र कीर्तनात सरे. आता महिना दोन महिने आधी मोबाइलवर खोल्या पाहिल्या जातात, पैसे भरले जातात, पावती येते, आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. जुन्या माणसांना हे रुचत नाही. ती म्हणतात, "पांडुरंगावर भार टाकून निघालास ना? मग खोलीची पावती कशाला खिशात?" तरुण म्हणतात, "आबा, म्हातारीला घेऊन रात्री बाराला दारोदार फिरायचं का?" दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकले आणि वाटले की वाद रंगतो आहे खरा, पण ज्याचा विचार व्हायला हवा तो मात्र बाजूलाच उभा आहे. म्हणून हे चार शब्द.

प्रथम जुन्या मंडळींची शंका घेऊ. आधी जागा ठरवणे हा अविश्वास असेल, तर सगळी वारीच अविश्वासाने चालते असे म्हणावे लागेल! हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला सोहळ्याचे रूप दिले, त्याला आता दोनशे वर्षे होत आली. आळंदी सोडल्यावर पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, असे मुक्काम बांधून दिलेले आहेत. कोणत्या तळावर कोणत्या दिंडीची राहुटी कुठे, हेही ठरलेले. पहाटे पालखी हलायच्या आत सामानाचा ट्रक पुढे जातो, माणसे पाल ठोकतात, चूल पेटते, आणि पाय ओढत आलेल्या म्हातारीला विचारावे लागत नाही की माझे अंथरूण कुठे. तिने भिशी आधीच भरलेली असते. भिशी भरून निघालेल्या माणसाचा देवावर विश्वास नाही, असे आजवर कोणी म्हटले नाही. व्यवस्था ही वारीच्या हाडीमासी आहे. तेव्हा आगाऊ सोय केली म्हणजे श्रद्धा उणावली, ही शंका आमच्या मते टिकत नाही.

परंतु एवढ्याने तरुण पक्ष जिंकला असे कोणी समजू नये. राहुटी आणि खोली यांत एक फरक आहे. दिंडीची राहुटी दहांची असली तरी बारावा आल्यावर अंथरुणे सरकतात. कुणी कुरकुरतो, कुणी "या माउली" म्हणतो, पण माणूस आत येतो. खोलीचे तसे नाही. दोघांच्या नावावर खोली, दोघांना किल्ली. तिसरा व्हरांड्यात पावसाची झड अंगावर घेत बसला असेल तरी दार लागलेलेच. हा आपला दोष नाही असे आपण म्हणू, आणि हिशेबाने ते बरोबरही आहे, कारण पैसे आपण भरले आहेत. पण वारकऱ्याला एवढ्या हिशेबाने चालते काय? आपण जी जागा धरली तिच्यामुळे कोण बाहेर राहिले, हा विचार त्याने करायचा की नाही? आमच्या मते खरा प्रश्न तो आहे.

आपल्या संप्रदायाचा आरंभच मुळी जागेच्या गोष्टीने होतो. देव पुंडलिकाच्या दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता. त्याने देवाला आत बोलावले नाही, आसन मांडले नाही, एक वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. या कथेतून मातृपितृसेवेचा बोध आपण नेहमी ऐकतो. पण जरा पाहुण्याच्या बाजूनेही पाहा. त्रैलोक्याचा धनी दारी आलेला, आणि त्याला मिळाली एका विटेची जागा. घरातल्या म्हाताऱ्यांची जागा त्याने मागितली नाही. आपण त्याच्या दर्शनाला जातो, आणि खोलीत गरम पाणी आले नाही म्हणून व्यवस्थापकाशी तासभर भांडतो! असो.

तमिळ देशातल्या वैष्णवांत एक कथा सांगतात, ती येथे आठवते. तिरुक्कोविलूर गावी पावसाच्या रात्री एक आळवार एका अरुंद देवडीत आडवे झाले होते. एवढ्यात दुसरे आले. पहिले म्हणाले, एकाने निजावे एवढी जागा आहे, तेव्हा दोघे बसू. मग तिसरे आले. दोघांनी बसावे एवढी जागा आहे, तेव्हा तिघे उभे राहू. तिघे अंधारात उभे असता चौथ्या कुणाची तरी दाटी वाटू लागली. पाहतात तो प्रत्यक्ष भगवंत त्यांच्यात येऊन उभा. त्या तिघांपैकी पहिल्याने आतून कडी घातली असती तर त्याची झोप चांगली झाली असती, यात शंका नाही.

कडी घालण्याचा विषय निघाला म्हणून आपल्याच इतिहासाकडे वळणे प्राप्त आहे, जरी ते गोड नाही. पंढरीची वाट सर्वांना मोकळी असे आपण अभिमानाने सांगतो. वाट मोकळी होती, ओसरी मोकळी नव्हती. चोखोबांना गावात थारा नव्हता, ते नदीपलीकडे राहिले, असे परंपरा सांगते. पुढेही धर्मशाळा झाल्या त्या बहुतेक जातीजातींच्या, आणि ज्यांना कोणत्याच धर्मशाळेत जागा नव्हती त्यांनी वारी उघड्यावर काढली. हे दुःख ज्याच्या डोळ्यांना दिसले ते गाडगे महाराज. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. आळंदीस, देहूस, नाशकास धर्मशाळा बांधल्या. मुंबईत इस्पितळाशी आलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठी बांधली. लोकांनी पैसा दिला, बाबांनी विटा रचल्या, आणि स्वतः त्यांत बिऱ्हाड केले नाही की घरच्यांचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. म्हणजे मुक्कामाची जागा विद्येची जागा झाली.

त्याच्या दोन वर्षे आधी, १९४७ च्या मे महिन्याच्या १ तारखेला, विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवस चाललेल्या त्या उपोषणाला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. मंदिर उघडल्याचे श्रेय गुरुजींना मिळाले, ते योग्यच. पण त्या गरमीच्या दिवसांत, गाव दुभंगलेले असता, एका मठाने आपली जागा दिली, ही लहान गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही. पुढे १९५५ च्या अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्यात धर्मशाळा आणि सराई यांचा नावानिशी उल्लेख आला, आणि जातीवरून दार बंद करणे हा गुन्हा ठरला.

आता दार जातीवरून बंद करता येत नाही. पैशावरून करता येते. एरवी जी खोली स्वस्त असते तिचा भाव एकादशीला कितीतरी चढतो, आणि तेवढा देणारा कुणीतरी असतोच. यात लॉजवाल्याला बोल लावणे सोपे आहे. त्याचा तो धंदा आहे, त्याला वर्षाचा खर्च चार यात्रांत काढायचा असतो. पण मठ आणि धर्मशाळा यांचे काय? पुष्कळ ठिकाणी खोलीवर देणगीदाराच्या नावाची फरशी असते, आणि यात्रेच्या दिवसांत ती खोली त्याच्यासाठी राखलेली असते. देणगीदार आला तर ठीक. न आला तर दशमीच्या रात्री कुलूप तसेच, आणि कुलपाखालच्या पायरीवर मराठवाड्याहून आलेली माय गाठोडे उशाला घेऊन निजलेली. ज्या धर्मशाळेला धर्माचे नाव आहे तिने निदान असा नियम करावा की, दशमीच्या दिवेलागणीपर्यंत धनी आला नाही तर खोली उघडायची. देणगीदारानेही हे लिहून द्यावे. फरशीवरचे नाव त्याने पुसले जात नाही.

दुसरी गोष्ट मोबाइलवाल्यांची. कित्येक जण दोन तीन ठिकाणी जागा धरून ठेवतात, मग जी बरी दिसेल तिथे उतरतात, आणि बाकीच्या तशाच सोडून देतात. थोडे पैसे बुडाले तर बुडोत, अशी वृत्ती. हा पैशाचा तोटा नव्हे हो. यात्रेतली एक रिकामी कुलूपबंद खोली म्हणजे चार माणसांची रात्र आहे. बेत बदलला तर त्याच दिवशी कळवावे. द्वादशीला पारणे सोडून निघणार असाल तर गोपाळपूरच्या काल्यापर्यंत, म्हणजे पौर्णिमेपर्यंत, खोली अडकवू नये.

मग खोली धरावी कोणी? ज्याला गरज आहे त्याने खुशाल धरावी, आणि त्याबद्दल मनात लाजू नये. ज्याचे गुडघे गेले आहेत, ज्याला रात्री तीनदा उठावे लागते, ज्याला मधुमेहाची सुई थंड जागी ठेवायची असते, जिच्या कडेवर तान्हे आहे, अशांनी वाळवंटाचा हट्ट धरू नये. कधी कधी धडधाकट मुलगा म्हणतो, "वारी म्हणजे कष्टच पाहिजेत," आणि कष्ट मात्र आईच्या वाट्याला येतात. आपल्या गुडघ्यांचे वैराग्य दुसऱ्याच्या गुडघ्यांवर लादू नये. उलट ज्याचे शरीर साथ देते, त्याने खोलीचे पैसे असूनही दिंडीबरोबर राहुटीत राहावे, म्हणजे एक खोली एखाद्या आजाऱ्याला मोकळी होते. २०१५ च्या सुमारास वाळवंटातल्या मुक्कामावर न्यायालयाने निर्बंध घातले, आणि नदीपलीकडच्या पासष्ट एकरांत दिंड्यांना राहुट्यांसाठी जागा मिळू लागली. पाणी, दिवे, शौचालये तिथे असतात. नदी घाण होत होती, तेव्हा तो निर्बंध आम्हांला योग्यच वाटतो. वाळवंटात निजण्याचे सुख गेले हे खरे.

खोली पाहताना भिंतींचा रंग पाहून भुलू नये. देवळाजवळच्या जुन्या वाड्यांत जिने अरुंद आणि उभे असतात. म्हातारे माणूस बरोबर असेल तर देवळापासून थोडे दूर, पण तळमजल्यावरची जागा बरी. शौचालय कुठे आहे, पाणी रात्री असते का, बायकांच्या बाजूला कडी नीट लागते का, गर्दीत रस्ते बंद झाले म्हणजे रिक्षा कुठवर येते, एवढे फोन करून विचारावे. विचारण्यात संकोच कसला? आणि एक सावधगिरी. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून भाविकांना लुबाडणारे लोक निघाले आहेत. पैसे भरण्यापूर्वी संस्थानाच्या कार्यालयात फोन करून खात्री करावी, कोणा माणसाच्या खाजगी खात्यात पैसे पाठवू नयेत, पावतीवर संस्थेचे नाव आणि तारीख पाहून घ्यावी. पंढरपूरच्या मंदिर समितीच्या भक्तनिवासाची नोंदणी समितीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून होते.

शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाची रीत याहून वेगळी चालत आली आहे. तेथे आगाऊ नोंदणी नाही. यावे, रांगेत उभे राहावे, असेल ती खोली घ्यावी. ज्याला मोबाइल चालवता येत नाही अशा शेतकऱ्याला आणि पुण्यामुंबईच्या साहेबाला रांग एकच. ही रीत आम्हांस फार आवडते. पण न्यायाने पाहता तिचीही अडचण आहे. नागपूरहून सकाळी निघालेला दुपारी पोचतो, दूर कोकणातून निघालेला रात्री, आणि तोवर खोल्या भरलेल्या असू शकतात. दुबळ्या माणसाला तासभर रांगेत उभे राहणेही जड जाते. म्हणून वाटते, काही खोल्या आगाऊ द्याव्यात आणि काही आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी राखाव्यात. प्रमाण किती, हे ज्या त्या संस्थानाने आपली यात्रा पाहून ठरवावे. येथे बसून सांगण्यासारखे ते नाही.

दिंडीचालकांना मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. भिशी गोळा करताना दर वारकऱ्यामागे थोडी रक्कम अधिक घ्यावी आणि त्यातून पंढरीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या दिंडीच्या नावाने धरून ठेवाव्यात, कोणा एकाच्या नावाने नव्हे. वाटेत ज्याला ताप भरेल, जिचे पाय सुजतील, त्यांनी तिथे उतरावे. किल्ली विणेकऱ्याजवळ असावी. पुण्यात पालखी दोन दिवस असते तेव्हा पेठांतली कितीतरी घरे अनोळखी वारकऱ्यांना माजघरात अंथरूण घालून देतात, पाय चेपून देतात, आणि कुणी नोंदणी विचारीत नाही. त्या घरांचे खाऊन पंढरीला पोचलेल्या दिंडीला दोन खोल्या जड जाऊ नयेत. यंदाच्या कार्तिकीपासून हे करून पाहणाऱ्या दिंड्यांनी आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा, म्हणजे खर्च किती आला आणि किल्ली कोणाकोणाला द्यावी लागली, हे पुढील अंकी छापता येईल.