परवान्याचा धनी कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि पुढच्या आवृत्तीने टीपीएम २.० या सुरक्षा-व्यवस्थेची व तुलनेने नव्या प्रोसेसरची अट आधीच घातलेली असल्यामुळे, धडधाकट चालणारे असंख्य संगणक केवळ एका तारखेच्या आधाराने निवृत्तीच्या वाटेला लागले. चांदवडसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे कांद्याच्या अडत्याचा जमाखर्च, सेवा केंद्रातले उत्पन्नाचे दाखले आणि छापखान्यातल्या लग्नपत्रिका हा सारा कारभार एकेका संगणकाच्या भरवशावर चालतो, तिथे नव्या यंत्राचा खर्च हा वर्षाच्या ताळेबंदात ठळकपणे उमटणारा आकडा असतो. त्या आकड्यात एक रक्कम अशी दडलेली असते की जिच्याविषयी गिऱ्हाईक सहसा विचारत नाही आणि दुकानदार सहसा बोलत नाही: एकदा मोल देऊन घेतलेल्या कार्यप्रणालीचे दुसऱ्यांदा द्यावे लागणारे मोल.

प्रकार प्रत्यक्ष पाहावा. जुन्या संगणकावर आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडून ‘एसएलएमजीआर’ व पुढे ‘डीएलआय’ ही अक्षरे टंकली की एक लहानशी चौकट उमटते आणि तीत परवान्याची जात लिहिलेली असते. तिथे ‘रिटेल’ असा शब्द असला, तर तो परवाना जुन्या यंत्रावरून उतरवून आपल्याच नव्या यंत्रावर नेण्याची मुभा खुद्द कंपनीच्या अटींतच आहे. ‘ओईएम’ असा शब्द असला, म्हणजे यंत्र घेतानाच कार्यप्रणाली त्यात भरून आलेली असली, तर परवाना त्या यंत्राशी, व्यवहारात त्याच्या मदरबोर्डाशी, जखडलेला असतो; यंत्र विकले तर तो सोबत जातो, यंत्र जळाले तर तो त्याच्याबरोबर संपतो. पूर्वी निदान कॅबिनेटच्या कुशीवर पंचवीस अक्षरांचा कागदी शिक्का असे, धुळीने व उन्हाने पुसट झालेला का होईना, पण डोळ्यांना दिसणारा. विंडोज ८ पासून तोही गेला आणि ती अक्षरे बहुधा मदरबोर्डावरील स्मृतीतच कोरलेली येऊ लागली. आपण काय विकत घेतले याचा दृश्य दस्तऐवजच अशा रीतीने खरेदीदाराच्या हातून निसटला.

यावर कायद्याचे म्हणणे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली, तयार स्वरूपात विकली जाणारी संगणक-प्रणाली ही ‘माल’ आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो, असा निर्णय दिला. पुढे २ मार्च २०२१ रोजी, आयकराच्या एका मोठ्या वादात, परदेशी कंपनीला प्रणालीच्या प्रतीपोटी दिलेले मोल हे स्वामित्वहक्काचे मोल नव्हे, तो प्रतीच्या विक्रीचा व्यवहार होय, असे त्याच न्यायालयाने ठरवले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमानेही, प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ती ज्या प्रयोजनासाठी मिळाली त्या प्रयोजनार्थ वापरण्यासाठी आणि नुकसानीपासून बचावासाठी प्रत करण्याची सवलत दिलेली आहे. कर वसूल करताना जो माल आहे, तो वापरण्याची वेळ आली की यंत्राला चिकटलेली निव्वळ अनुज्ञा कसा ठरतो, हा प्रश्न म्हणूनच शब्दच्छलाचा नाही, न्यायाचा आहे.

चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. टांकसाळ चालवण्याचा अधिकार राज्यसत्तेच्या अनुमतीचा असे, आणि वाटेल त्याने नाणे पाडले तर ते खोटे ठरून शासनास पात्र होई. परंतु एकदा पाडलेला रुपया ज्याच्या कमरेच्या कशात गेला त्याचा झाला, आणि तो कोणत्या पिशवीत ठेवावा हे सांगण्याचा अधिकार टांकसाळीला नव्हता. निर्मितीचा हक्क आणि निर्मित वस्तूवरचा हक्क यांतला हा भेद आपल्या व्यवहारबुद्धीला पूर्वापार ठाऊक आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही ३ जुलै २०१२ च्या ‘यूज्डसॉफ्ट’ खटल्यात, कायमस्वरूपी वापरासाठी मोल घेऊन दिलेल्या प्रतीवरील निर्मात्याचा वितरणाधिकार त्या विक्रीबरोबर संपतो, असेच म्हटले. मात्र जुन्या मालकाने आपल्याकडील प्रत निरुपयोगी केली पाहिजे, ही अटही त्याने घातली, आणि ती रास्तच आहे.

यंत्राबरोबर येणारा परवाना स्वस्त पडतो, तेव्हा त्यावरील बंधन हा सौद्याचाच भाग होय, असा प्रतिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु सौदा हा दोन्ही पक्षांना अटी ठाऊक असताना होतो; ज्या पावतीवर ‘संगणक संच, एक नग’ एवढीच ओळ असते, तिथे गिऱ्हाइकाने स्वस्ताईच्या बदल्यात कोणता हक्क सोडला हे त्याला कळावे कसे? दुसरा आक्षेप चोरट्या प्रतींचा. तोही टिकत नाही, कारण एक परवाना एका वेळी एकाच यंत्रावर चालेल अशी तजवीज करण्याची साधने केव्हाच सिद्ध झालेली आहेत. अडत्याच्या पेढीवरचा दिवाणजी टॅलीचे लायसन्स जुन्या संगणकावर ‘सरेंडर’ करतो आणि नव्यावर पुन्हा चालू करतो, ते काही मिनिटांचे काम असते. जे हिशेबाच्या प्रणालीला साधते ते कार्यप्रणालीला अशक्य आहे, असे मानण्यास आधार नाही. उलट, वैध मार्ग बंद ठेवल्यानेच ‘विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराकडून चोरटी प्रत भरून घेण्याची सवय गावोगाव रुजली, आणि त्या प्रतीवर शेतकऱ्यांची आधारपत्रे व बँकेचे तपशील हाताळले जातात, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

मुक्त प्रणालींचा मार्ग अर्थातच मोकळा आहे. लिनक्सच्या परवान्याला यंत्राचे बंधन नाही. सी-डॅकने त्याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सिद्ध केली आहे. पण बोटांचे ठसे घेणारे किंवा डिजिटल स्वाक्षरीचे एखादे उपकरण विंडोजवाचून चालत नसेल, तर सेवा केंद्रचालकाला हा पर्याय कागदावरच राहतो, आणि ती अडचण दूर करणे हे अशी उपकरणे सक्तीची करणाऱ्या सरकारचेच कर्तव्य आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली. कार्यप्रणालीच्या परवान्याची जात व तिचे बंधन पावतीवर मराठीत छापलेच पाहिजे, आणि यंत्र निकामी झाल्यास परवाना त्याच धन्याच्या नव्या यंत्रावर नेता आला पाहिजे, या दोन मागण्या घेऊन १९७४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ग्राहक पंचायतीने हा विषय हाती घ्यावा. तोवर नवा संगणक घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराला परवाना कोणत्या जातीचा आहे हे विचारावे, आणि उत्तर पावतीवर लिहून घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत.