प्रतिपक्षाला जागा

अमेरिकेतल्या मराठी घरांत शनिवारच्या पॉटलकला चार कुटुंबं जमली की मुलांच्या कॉलेजपासून ग्रीन कार्डाच्या रांगेपर्यंत सगळं बोललं जातं. धर्म किंवा राजकारण निघालं, की मात्र कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे ना, तो विषय नको." यामागची काळजी खरी आहे. परक्या मुलुखात माणसं जोडायला वर्षं लागतात आणि अडीअडचणीला तीच धावून येतात. तरीही हा संकेत आपलं नुकसान करतो, असं मला वाटतं.

इथल्या मराठी मंडळांमध्ये या संकेताला कायद्याचा आधार दिला जातो, पण तो अपुरा आहे. 1954 पासून इथल्या करमुक्त सेवाभावी संस्थांना निवडणुकीतल्या उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करायला बंदी आहे. सार्वजनिक प्रश्नाच्या दोन्ही बाजू समजून घ्यायला बंदी नाही. घरच्या बैठकीला तर हा कायदा लागूच होत नाही.

टाळलेला विषय संपत नाही. तो व्हॉट्सअॅपवर जातो आणि तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नसल्यामुळे शब्द अधिक धारदार होतात. 2023 सालच्या जातीविषयक कायद्यांचंच पाहा. 21 फेब्रुवारीला सिअॅटलच्या नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला 6 विरुद्ध 1 मतांनी बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेलं तशाच हेतूचं विधेयक मात्र गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये नाकारलं. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. या कायद्यांमुळे हिंदूंकडेच संशयाने पाहिलं जाईल, अशी काहींना भीती होती. आडनावावरून जात जोखली जाते, हा दलितांचा अनुभव होता. एकाच गावात राहणाऱ्या या दोन प्रकारच्या माणसांनी एकमेकांना विचारण्यासारखं पुष्कळ होतं. ते विचारायची जागाच आपण ठेवलेली नाही.

ही जागा कशी ठेवायची, हे 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिलं आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने 1936 च्या आपल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांना बोलावलं. भाषणातला काही मजकूर मंडळाला खटकला, आंबेडकरांनी तो बदलायला नकार दिला आणि भाषण झालंच नाही. ते त्यांनी स्वतः छापलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका छापली आणि सोबत आपलं सडेतोड उत्तर दिलं. प्रतिपक्षाला स्वतःच्या पुस्तकात जागा देऊनही त्यांनी आपल्या मताची धार तसूभर कमी केली नाही.

शांत चर्चेचा अर्थ मी असाच घेतो. समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडावं आणि मग खोडावं. "हे कुठे वाचलंस?" असं विचारावं, पण "तुम्ही लोक असेच" असं म्हणू नये. मात्र शांतपणाचं ओझं सर्वांवर सारखं टाकता येणार नाही. ज्याची जात, धर्म किंवा व्हिसा चर्चेत पणाला लागला आहे, त्याचा आवाज चढला म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही. ज्याचं काहीच पणाला लागलेलं नाही, त्याने अधिक सबुरी दाखवावी.

इथे वाढणारी आपली मुलं याच देशात मतदान करतील, आपल्याहून वेगळ्या श्रद्धेच्या माणसांशी लग्नं करतील. मोठी माणसं मतभेद कसे निभावतात, हे त्यांना घरात पाहायलाच मिळालं नाही, तर भांडण आणि अबोला एवढेच दोन मार्ग त्यांच्या हाती उरतील. तिसरा मार्ग दाखवायची जबाबदारी आपली आहे, आणि त्यासाठी एखादी संध्याकाळ अवघडली तरी ती किंमत मोठी नाही.