नोंदवहीतील रिकामा रकाना

शास्त्रपाठ : एज्रा २:५९-६३, नहेम्या ३:४, २१



दिल्लीत आडनाव सांगितले म्हणजे ओळख पूर्ण होत नाही. तेथून चौकशी सुरू होते. येथील मराठी उपासनेस येणारा एक तरुण परवा माझ्याकडे आला. त्याच्या विवाहाची बोलणी चालू होती. मुलीकडील मंडळी ख्रिस्तीच, तरी त्यांनी विचारले, "तुम्ही मूळचे कोण?" उत्तरासाठी तो गावाकडील मंडळीत जाऊन बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहून आला. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि गाव एवढेच तेथे होते. आडनावाचा रकाना रिकामा. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव पुढे केव्हातरी तयार झाले होते. "काका, आता मी त्यांना काय सांगू?"

आपल्या आडनावांची कथा अशीच निरनिराळी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण घराण्याचे आडनाव सोडले नाही. बाबा पदमनजींचे घराणे मुळे. तरी वडिलांचे नावच त्यांची ओळख ठरले. वसईतील परेरा, लोपीस ही आडनावे पोर्तुगीज अमलाची खूण होत. असा शोध घेणे मुळीच गैर नव्हे. प्रश्न इतकाच की, तो कशासाठी घ्यावयाचा?

बंदिवासातून परतलेल्या काही याजकांनी वंशावळीत आपली नावे शोधली, पण ती सापडली नाहीत. त्यांत बर्जिल्लयाचे घराणे होते. त्यांच्या पूर्वजाने, दाविदाला संकटकाळी अन्न पुरविणाऱ्या गिलादी बर्जिल्लयाच्या कन्यांपैकी एक बायको करून सासरचे नाव धारण केले होते. नाव थोर, तरी वहीत ते मिळेना. म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले. हक्कोसाच्या घराण्याचेही तेच झाले. परंतु पुढे यरुशलेमेचा कोट बांधला जात असता, उरीयाचा पुत्र व हक्कोसाचा नातू मरेमोथ याने एक नव्हे, दोन भाग दुरुस्त केले. वहीने बाजूला सारलेल्या घराण्याचे नाव बांधणाऱ्यांच्या यादीत दोनदा आले!

इब्री ७:३ चे भाषांतर करताना 'अगेनेआलोगेतोस' या ग्रीक शब्दाशी मी बराच वेळ थांबलो होतो. नव्या करारात तो एकदाच येतो. अर्थ, 'ज्याला वंशावळ नाही असा'. तो मलकीसदेकाविषयी आहे, आणि ख्रिस्ताचे याजकपण त्याच्याच संप्रदायाचे आहे. लेवीच्या वंशावळीवर ते आधारलेले नाही. मग ख्रिस्ताच्या मेजाभोवती बसणाऱ्या आपण एकमेकांची वंशावळ कोणत्या अधिकाराने तपासावी?

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी हाच प्रश्न मीही विचारला होता, तोही हळू आवाजात. ते पाप होते.

त्या तरुणाला मी म्हणालो, "बाळा, तो रिकामा रकाना लपवू नकोस. पणजोबांनी प्रभूला स्वीकारले त्या दिवसाची नोंद त्याच पानावर आहे. तेवढेच सांग."

त्याचे लग्न जमेल की मोडेल, हे मला ठाऊक नाही. पण आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे. प्रभू आपणांस तसे मन देवो. आमेन.