झीज आणि जतन

नवी गिटार घेणारा मनुष्य पहिल्या दिवशीं ती कशी हाताळतो, हें पाहण्यासारखें असतें. सदऱ्याचीं बटणें लाकडास लागूं नयेत म्हणून तो जपतो, कमरपट्ट्याचें बक्कल पाठीस घासेल म्हणून तें बाजूस सरकवितो, वाजवून झाल्यावर मऊ फडक्यानें घाम पुसतो. तरी एके दिवशीं पहिला ओरखडा उमटतोच. आणि त्या वेळीं त्याला होणारें दुःख थट्टेवारी नेण्याजोगें नसतें. वस्तु किती जपावी आणि किती झिजूं द्यावी, हा प्रश्न त्या ओरखड्यांतून निघतो, आणि तो वाद्यापुरताच राहत नाहीं.

प्रथम जतनाची बाजू मांडूं. लाकडावरचा लेप ही नुसती शोभा नव्हे. घाम व मळ यांपासून तो लाकडाचें रक्षण करतो, आणि स्वतः मात्र नाजूक असतो. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचे फडक्यानें चढविलेले अगदीं पातळ थर. नखानेंही त्यांवर रेघ उठते. नायट्रोसेल्युलोजचा लेप रबराच्या दीर्घ स्पर्शानें मऊ पडून डागळतो. म्हणून जाणते लोक स्टँडच्या रबरावर सुती कापड गुंडाळतात. स्पेनमधील फ्लॅमेंको वादक गिटारीच्या दर्शनी फळीवर बोटांनीं ठेके देतात. त्यासाठीं तेथें ‘गोल्पेआदोर’ नांवाची पातळ पट्टी चिकटविलेली असते. ही पट्टी आम्हांस फार बोधप्रद वाटते. ‘आघात करूं नको’ असें ती वादकास सांगत नाहीं. त्यानें निर्भयपणें आघात करावा, एवढ्यासाठींच ती आहे.

आतां दोन वाद्यें शेजारीं ठेवून पाहूं. स्ट्राडिव्हारीनें १७१६ सालीं घडविलेलें ‘मेसाया’ हें व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयांत आहे. तें फारच थोडें वाजलें, म्हणून आजही जवळजवळ नव्यासारखें दिसतें. उलट, अमेरिकन गायक विली नेल्सन यांनीं १९६९ सालीं घेतलेली ‘ट्रिगर’ ही मार्टिन कंपनीची गिटार पाहावी. ती बोटांनीं वाजविण्याच्या जातीची, म्हणून तिला संरक्षक पट्टी नाहीं. नेल्सन ती नखीनें वाजवीत आले, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणानें तिच्या फळीस भोंक पडलें. तरी ती टाकून न देतां कारागिराकडून डागडुजी करवून तिला वाजती ठेवलें आहे. कोणी म्हणेल, ‘मेसाया’ पाहूनच जुन्या रोगणाचें मूळ रूप कळतें. तें खरें, असा एखादा नमुना राखणें योग्यच. परंतु नमुना एखादा पुरे. प्रत्येक घराचें संग्रहालय होऊं नये.

मग झीज हेंच भूषण मानावें काय? तसेंही नाहीं. १९९५ च्या सुमारास फेंडर कंपनीनें मुद्दाम ओरखडे काढून जुनाट केलेल्या गिटारी विकण्यास आरंभ केला, आणि त्यांस गिऱ्हाईक मिळालें. रणांगण न पाहिलेल्यानें अंगावर व्रण रंगवून घ्यावे, त्यांतलाच हा प्रकार होय. आपल्या भाषेंत देह चंदनासारखा झिजविणाऱ्याचा गौरव आहे. पण चंदन सहाणेवर झिजतें तेव्हांच त्यास मान. तेंच खोड रस्त्यावर फरफटत नेलें तर झीज तितकीच होईल, गंध मात्र कोणाच्याही कपाळीं लागणार नाहीं. झीज कोणत्या कामीं झाली, यावर तिची योग्यता ठरते.

आमच्या हातून उलट अपराध घडला आहे. आम्हीं आमची गिटार पेटींत इतकी जपली कीं, तिच्यावर एकही रेघ उठली नाहीं. आणि एके दिवशीं पेटी उघडली तेव्हां बोटें सूर विसरलीं होतीं. लेप निष्कलंक राहिला, विद्या गेली. वस्तूवर प्रेम करतों असें आम्ही समजत होतों. वस्तुतः आम्ही तिच्या किंमतीवर प्रेम करीत होतों. पुढच्याच्या हातीं ती धड जावी, ही इच्छा चांगली; पण तिच्याबरोबर एकही गाणें जाणार नसेल, तर आपण त्यास काय दिलें?

म्हणून आमचें मत असें आहे कीं, वापरासाठीं केलेलें जतन हा धर्म, आणि वापरापासून केलेलें जतन हा लोभ. फडकें जवळ असावें, बक्कल बाजूस सारावें, आणि मग मोकळ्या मनानें तारा छेडाव्या. त्यांतून जी रेघ उठेल, तिची लाज बाळगण्याचें कारण नाहीं.